कोटातले बाबा

मेट्रोचा जिना उतरून सुयोग धुरी असल्फ्याच्या नाक्यावर आला, तेव्हा त्याच्या बाबांचा कोट दुसऱ्याच माणसाच्या अंगात होता. निळा, रुंद कॉलरचा कोट, आत पांढरा शर्ट, मरून रंगाचा टाय आणि त्यावर तिरके सोनेरी पट्टे. टायची गाठ जराशी डावीकडे सरकलेली. ती गाठ सुयोगला तोंडपाठ होती. गेलं वर्षभर रोज सकाळी अंघोळ करून बाहेर आलं की हॉलच्या भिंतीवर, बाबांच्या फोटोत, ती बरोब्बर त्याच्या नजरेसमोर यायची आणि रोज त्याला वाटायचं, कुणीतरी ही सरळ करायला हवी. आता तीच गाठ, तितकीच सरकलेली, विजेच्या खांबाला बांधलेल्या फ्लेक्सवर होती आणि तिच्यावर कुणा कै. धोंडू गावडे यांचं डोकं बसवलेलं होतं. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली मंडळाच्या पोरांचे गॉगलातले फोटो, जणू धोंडूतात्या गेले ते यांच्याच पुढाकारानं. सुयोग थांबला तसा मागून येणारा माणूस त्याच्यावर आदळला, "ओ भाऊ, रस्त्यात काय?" म्हणाला आणि पुढे गेला. सुयोग बाजूला होऊन वडापावच्या गाडीला टेकला. राग यायला हवा होता, तो आला नाही. आधी हसू आलं. म्हणजे स्टुडिओवाल्याकडे कोट एकच! मंडळाची मोठी पातेली जशी या घरच्या बारशाहून त्या घरच्या लग्नाला जातात, तसा हा कोट असल्फ्यात या मयताकडून त्या मयताकडे फिरत असणार. आणि मग हसता हसताच त्याचं हसू थांबलं. कारण क्षणभर, अगदी क्षणभरच, तो कोट पाहून त्यानं वरचा चेहरा न बघताच मनात 'बाबा' म्हटलं होतं. वडापाववाल्यानं "एक देऊ?" विचारलं. सुयोगनं मान हलवली ती होकाराची की नकाराची हे दोघांनाही कळलं नाही, आणि तो घराकडे चालायला लागला.

जयवंत धुरींनी जन्मात कधी कोट घातला नव्हता. मिलमध्ये कताई खात्यात होते तेव्हा गंजी आणि खांद्यावर पंचा. संपात मिल गेली, मग साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथ मशीनवर आयुष्य काढलं, तिथे खाकी शर्ट, पुढून तेलानं काळा झालेला. घरात पट्ट्यापट्ट्याची हाफ चड्डी. सुयोगच्या लग्नात सफारी तरी शिवा म्हणून सगळे हात धुऊन मागे लागले, तेव्हा "माका खय भाषण करूचा आसा?" एवढं म्हणून पांढऱ्या शर्टावर भागवलं होतं. असा माणूस मेल्यावर सुटाबुटात भिंतीवर चढला. तो चेहराही धड नव्हता. चुलत भाऊ निलेशच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून घेतलेला. फ्लॅश पडल्यामुळे डोळे वटारलेले, कवळी नवीन होती म्हणून ओठ घट्ट मिटलेले. मूळ फोटोत खांद्यावर कुणाचातरी हात होता, तो झाकायला कोट घातला, असं निलेशनं नंतर सांगितलं होतं. भेटायला आलेली माणसं हात जोडून म्हणायची, फोटो झकास आलाय हो. सुयोग मान डोलवायचा आणि मनातल्या मनात म्हणायचा, हा फोटो या घरात लागायलाच नको होता. ज्या घरात फोटोंचा डबाच्या डबा भरून पडलाय, त्या घरात तर नाहीच नाही.

डबा हा शब्द आईचा. हॉलमधल्या शोकेसच्या माथ्यावर बसवलेली ती काळी पेटी, आत दोन डिस्क, पुढे एक निळा दिवा. सुयोगनं ती पाच-सहा वर्षांपूर्वी बसवली तेव्हा घरच्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, की आता आपल्या घरातलं काहीही हरवणार नाही. सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप इथे येतील, त्याची दुसरी प्रत बोरिवलीला बहिणीकडे, अनुपमाताईकडे ठेवलेल्या तसल्याच पेटीत जाईल, आणि तिसरी पैसे भरून घेतलेल्या लांबच्या कुठल्याशा यंत्रात. तीन प्रती, त्यातली एक तरी घराबाहेर. डेटा सांभाळायच्या त्याच्या धंद्यातला हा पहिला धडा. आग लागो, पूर येवो, चोरी होवो, काहीतरी शिल्लक राहणारच. अनुपमाताई तिच्याकडची पेटी वायफायची आहे असं समजून तिच्यावर पितळेचं कासव ठेवून मोकळी झाली. आईनं घरातल्या पेटीवर क्रोशाचा रुमाल घातला, तो सुयोगनं ती तापेल म्हणून काढला, तो आईनं पुन्हा घातला. आणि दसऱ्याला बाबांनी आपल्या लेथच्या जुन्या हत्यारांची, विळीची, आईच्या शिलाई मशीनची पूजा केली, तेव्हा स्टुलावर चढून डब्यावरही हळदकुंकू वाहून झेंडूचं फूल ठेवलं. "ह्या तुझा हत्यार," म्हणाले. त्यावर सुयोगला इतकं भरून आलं होतं की तो उगाच आत जाऊन पाणी प्यायला. फूल सुकेपर्यंत त्यानं ते काढलं नव्हतं.

पण तो डबा उघडायचा कसा, हे त्याच्याखेरीज कुणाला येत नव्हतं. शिकवायचा प्रयत्न त्यानं एकदा केला होता. मानसीला, म्हणजे बायकोला, रविवारी दुपारी शेजारी बसवून म्हणाला, हे ॲप उघड, हे हिरवं झालं की मग हे दुसरं उघड, इथे पासवर्ड, मग माझ्या फोनवर कोड येईल तो टाक. मानसीनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मला तुझ्या ऑफिसात नोकरी लागली काय रे? मला फक्त आपल्या श्रुतिकाच्या बारशाचे फोटो बघायचेत." तो चिडला होता. सुरक्षा म्हणजे काय, फोटो चोरीला जातात म्हणजे काय, असलं काहीबाही बोलला होता. मानसी उठून कुकर लावायला गेली. त्या दिवसापासून कुणाला फोटो हवा असला की सुयोगला सांगायचं, सुयोग वेळ मिळाला की काढून पाठवणार, असा रिवाज पडला; आणि वेळ मिळत नाही म्हणून हळूहळू मागायचंही बंद झालं. त्याला वाटलं, आता सगळं सुरळीत चाललंय.

बाबा गेले ते होळीच्या आदल्या आठवड्यात, सकाळी हातात चहाचा कप असताना. सुयोग तेव्हा ऐरोलीला, एका बँकेच्या कामावर होता. बँकेचा सगळा डेटा समजा जळून खाक झाला तर तो किती वेळात परत उभा करता येतो, याची रंगीत तालीम चालली होती. फोन आत न्यायचे नाहीत, बाहेर लॉकरमध्ये ठेवायचे. आत गारठा, पंख्यांची घरघर आणि पडद्यावर पुढे सरकणारी रेघ. सगळं परत आलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँकेच्या साहेबानं पाठ थोपटली. त्याच वेळी घरी भटजींना, नातेवाइकांना, मंडळाला फोन चालले होते. फ्लेक्सला आणि दिव्यापाशी ठेवायला फोटो हवा होता आणि मानसी हातात फोन घेऊन शोकेससमोर उभी राहून डबा उघडायच्या खटपटीत होती. कोड तुमच्या फोनवर पाठवला आहे, असं पडद्यावर पुन्हा पुन्हा येत होतं. सुयोगचा तो फोन लॉकरमध्ये थरथरत होता. शेवटी निलेश म्हणाला, "वहिनी, सोड ते. त्याची वाट बघत बसलो तर संध्याकाळ होईल. माझ्या अल्बममधला घेऊया." सुयोग घरी पोचला तेव्हा बाबा जमिनीवर होते आणि स्टुलावर, दिव्यापाशी, कोटातले बाबा. त्यानं आधी कुठल्या बाबांकडे पाहिलं हे त्याला अजून नीट आठवत नाही. आठवतो तो फक्त एक विचार, जो अशा वेळी येऊ नये: अरे, तो गॅलरीतला फोटो का नाही लावला?

गॅलरीतला फोटो. हा एक फोटो सुयोगनं वर्षभर उराशी धरला होता. लॉकडाऊनमधली सकाळ. घराच्या टीचभर गॅलरीत बाबा बुटक्या स्टुलावर बसलेत, पायात विळी धरलीय आणि धार लावायच्या दगडावर पाणी शिंपडून ते पातं घासताहेत, कारण खूप दिवसांनी सुरमई मिळाली आहे. अंगात गंजी, चष्मा कपाळावर. ग्रिलमधून ऊन आत आलंय आणि गंजीवर चौकोन पडलेत. सुयोग फोन घेऊन दारात येतो, "बाबा, इकडे बघा," म्हणतो आणि बाबा वर बघून हसतात. तोंडात कवळी नाही. गाल आत गेलेले, हिरड्या उघड्या, डोळे बारीक झालेले; तान्ह्या श्रुतिकाचं हसू आणि ते हसू एकच. तो फोटो काढताना बोटाला झालेला स्पर्शही सुयोगला आठवत होता. कुठल्या महिन्यातला, कुठल्या फोनमधला, डब्यातल्या कुठल्या कप्प्यात तो गेला असेल, सगळं. तरी वर्षभरात त्यानं तो एकदाही काढून पाहिला नव्हता. कारण विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हिंमत झाली नाही. ते खोटं नव्हतं. पण खरी गोष्ट अशी की तो फोटो तीन ठिकाणी सुखरूप आहे एवढ्यावरच तो जगत होता. सुखरूप असलेली वस्तू कोण रोज उघडून बघतो? आई कोटातल्या बाबांना हार घाले, नैवेद्य दाखवी, आणि सुयोग शोकेसच्या माथ्यावरच्या निळ्या दिव्याकडे बघून मनात म्हणे, खरे बाबा तिथे आहेत. ही त्याची पूजा. तिला ना फूल लागायचं ना वेळ.

पण धोंडू गावडेंच्या डोक्याखाली तो कोट बघितल्यापासून त्याला चैन पडेना. आपण स्वतः, पोटचा मुलगा, कोटाला बाबा म्हणायला लागलो, तर आईचं काय होत असेल? ती दिवसभर घरात एकटी, समोर तो वटारलेल्या डोळ्यांचा साहेब. आणखी दोन-चार वर्षांत तिच्या डोक्यात गंजीतला माणूस उरेल की हाच उरेल? श्रुतिकाला तर आजोबा विचारले की ती सरळ भिंतीकडे बोट दाखवते. त्याला एकदम भीती वाटली. माणूस मेला ते समजून घेतलं होतं. पण हे त्याच्या नंतरचं मरण घरातल्या घरात, हार घालून, उदबत्ती लावून चाललं होतं आणि ते थांबवायचं साधन फक्त त्याच्या हातात होतं. घरी पोचताच त्यानं चपला काढता काढता आईला सांगितलं, "आई, बाबांचा फोटो बदलूया. येत्या रविवारी वर्षश्राद्ध आहे, त्याच्या आत."

त्याची आई, जानकीबाई, कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कित्याक? ह्यो काय वायट आसा?"

"अगं, तो बाबांसारखा दिसतच नाही. आणि तो कोट... तो कोट नाक्यावर दुसऱ्याच माणसाच्या अंगात आहे."

"मगे? मेल्या माणसाक कोट फाटता काय?" जानकीबाई म्हणाल्या आणि देठं वेगळी करत राहिल्या. मग जरा वेळानं, आवाज खाली आणून, "बदलूचो तर बदल बाबा. तुझो बापूस तो. पण आधी माका दाखव. माका पटलो तरच."

एवढं त्याला पुरे होतं. शनिवारी सुट्टी होती. सकाळपासून तो डब्यामागे लागला. नुसता तो एक फोटो छापून आणता आला असता, पण त्याला ते पुरेसं वाटेना. त्या दिवशी मानसी ज्या दारावर धडका मारत उभी होती ते दारच त्याला काढून टाकायचं होतं. त्यानं टीव्हीला एक छोटं यंत्र लावलं, पासवर्ड आणि कोड घराच्या आत तरी लागू नयेत अशी सोय केली, आणि रिमोटचं एक बटण दाबलं की डबा सरळ टीव्हीवर उघडेल, महिन्यामहिन्यानं फोटो दिसतील, असं करून ठेवलं. मानसी येता जाता बघत होती. "एवढं सोपं होतं?" तिनं विचारलं. "सोपं नाहीये, मी सोपं केलंय," तो म्हणाला. त्यावर ती भिंतीवरच्या कोटाकडे एकदा बघून आत गेली. तिनं तिकडे का बघितलं ते त्याला कळलं आणि त्यानं स्क्रू पिळण्यात डोकं घातलं. कुठलं बटण ते आईला कसं कळणार, म्हणून तो चिकटवायला काहीतरी शोधत होता, तेव्हा जानकीबाई आतून टिकल्यांचं पाकीट घेऊन आल्या. अर्धं संपलेलं, वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून असलेलं. "ही लाव," त्या म्हणाल्या. "आता माका काय करूची?" आणि मोठी लाल टिकली त्यांनी स्वतःच अंगठ्यानं दाबून बटणावर बसवली. सुयोगला त्यांच्या कपाळाकडे बघवेना.

दुपारी घर झोपलं तसा तो चेहऱ्यांच्या कामाला लागला. डब्यातलं यंत्र चेहरे ओळखायचं. एकदा नाव दिलं की त्या माणसाचे सगळे फोटो एकत्र गोळा करायचं. श्रुतिकाचा ढीग झाला, संपेना. मानसीचा झाला. सुयोगच्या स्वतःच्या ताटांचे, ऑफिसच्या पार्ट्यांचे, कुठल्या कुठल्या पावत्यांचे, फळ्यांचे, पडद्यांचे ढीगच्या ढीग. बाबांचा गोळा झाला तो इवलासा. आणि त्यातही बाबा असे कुठे नव्हतेच. वाढदिवसाच्या केकमागे अर्धा कान. श्रुतिकाचं दप्तर धरून उभे, डोकं वरून कापलेलं. गणपतीत सगळे आरतीला उभे आणि बाबा कडेला, पाठमोरे, घंटा वाजवताना. समुद्रावर सगळ्यांच्या चपलांपाशी बसलेले, लांब, ठिपक्याएवढे. गॅलरीतला फोटो त्यात नव्हता. मग त्यानं स्वतःची समजूत काढली: कवळी नाही ना, चेहराच बदलतो, यंत्र बिचारं काय ओळखणार. इतक्यात यंत्रानं दोन चेहरे शेजारी शेजारी आणून विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का? एक बाबा होते, निलेशच्या लग्नातले. दुसरा तो स्वतः होता, मागच्या महिन्यातला, चष्मा कपाळावर ढकललेला. त्याचं बोट बराच वेळ हवेतच राहिलं. मग त्यानं 'नाही' हे उत्तर दाबलं. लॉकडाऊनचा तो महिना उघडावा आणि खात्री करून घ्यावी, असं दहादा मनात आलं, पण त्यानं उघडला नाही. आईसोबतच बघू, पहिल्यांदा आईलाच दिसू दे, असं तो स्वतःला म्हणाला. बँकेला मात्र तो बजावून सांगायचा की जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती आहे असं धरूच नका.

संध्याकाळी चहा झाल्यावर जानकीबाई पदर सावरून टीव्हीसमोर बसल्या, देवळात बसतात तशा, पाय दुमडून. मानसी दाराला टेकून उभी राहिली. सुयोगनं रिमोट आईच्या हातात दिला. त्यांनी टिकली दाबली. पडदा काळा झाला आणि फोटोंनी भरून गेला, तशा त्या "अगो बाय!" म्हणाल्या आणि इतक्या निर्मळ हसल्या की सुयोगला वाटलं, इथेच थांबावं. श्रुतिकाचं बारसं आलं, मानसी पुढे होऊन आईच्या शेजारीच बसली. दोघी थोडा वेळ हरवून गेल्या. ही बघ माझी आत्या. हा हार मी विणलेला. सुयोग त्यांच्या मागे उभा राहून बाण कुठला दाबायचा ते सांगत होता आणि महिने सरकत होते. मग तो महिना आला. रिकामे रस्ते, कणीक मळताना मानसी, खिडकीतून दिसणारा मेट्रोचा मोकळा रूळ. "आता बघ, आई. आता येईल," तो म्हणाला. "पुढे कर. अजून एक."

गॅलरी आली. तेच ऊन, तेच ग्रिलचे चौकोन. बुटकं स्टूल होतं. स्टुलापाशी विळी होती, पातं ओलं, चकाकत होतं. धार लावायचा दगड होता, पाण्याचा गडू होता. स्टुलावर कुणी नव्हतं. उजव्या कडेला, आतल्या खोलीच्या दाराच्या उंबऱ्यावर, एक टाच तेवढी दिसत होती. भेगाळलेली, अर्धवट उचललेली, जराशी हललेली.

"पुढे," सुयोग म्हणाला. पुढचा फोटो मीटिंगचा होता, पडद्यावरच्या चौकोनांत बसलेली ऑफिसची माणसं. त्याच्या पुढचाही तोच. "मागे," तो म्हणाला. स्टूल. टाच. "त्याच्या मागे." मागे आदल्या दिवशीच्या डाळीचा फोटो होता. त्यानं आईच्या हातातून रिमोट जवळजवळ हिसकावून घेतला आणि पुढे मागे, पुढे मागे करत राहिला. असणारच. मी काढलाय. मला दिसतोय ना तो, अजून दिसतोय. डिस्कमधून गेला असेल तर बोरिवलीच्या पेटीत असेल, तिथे नसेल तर तिसऱ्या जागी असेल. पण त्याला माहीत होतं. काही गेलं नव्हतं. त्यानंच बसवलेली ती यंत्रणा गेल्या पाच-सहा वर्षांत एकदाही चुकली नव्हती. जे आत गेलं ते सगळं होतं. हे आत गेलंच नव्हतं.

"आण तो हयसर," जानकीबाईंनी रिमोट परत घेतला आणि चाचपडत मागे जाऊन स्टुलावर थांबल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "ही सकाळ माका आठावता," त्या म्हणाल्या. "सुरमई आणलेली निलेशान. तू फोटो काढतस म्हटल्यार ते हसले आणि उठले. कवळी घालूक आत गेल्ले. कवळेशिवाय कोणाक फोटो काढूक देयत नसत ते."

मानसीनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"मगे तो पांढरो शर्ट घातल्यानी," जानकीबाई सांगत होत्या, रागानं नाही, कालची गोष्ट सांगावी तशा. "भांग पाडलो. माका इचारल्यानी, बरो दिसतंय मा? आणि जाऊन हयसर उभे रवले, गॅलरीत. तुझो फोन इल्लो. तू आत बोलत होतस, इंग्लिशीत. मी म्हटलंय, हाक मारू काय तेका? तर म्हणाले, रवांदे, कामात आसा तो. बरोच येळ उभे होते. मगे सुरमई कापूची म्हणान शर्ट काढून ठेवलो."

आणि मग, टीव्हीवरची नजर न काढता, "म्हणान ते गेले त्या दिवशी निलेशान इचारल्यान, काकी, शर्टच ठेवू की कोट घालू, तेवा मीच सांगलंय, कोट घाल. चांगलो तयार दिसांदे. तेंका तयार होऊनच फोटो काढूचो होतो."

सुयोगला आता ते सगळं आठवलं. आठवलं म्हणजे, ते कधी विसरलाच नव्हता असं वाटावं इतकं लख्ख. बोटाला झालेला स्पर्श खरा होता. पण तोवर स्टूल रिकामं झालं होतं. मग मीटिंग. मीटिंगमधून कशाला तरी मान वळवली तेव्हा काचेपलीकडे गॅलरीत पांढरा शर्ट दिसला होता, हात शरीराला चिकटवलेले, शाळेत फोटोला उभी राहतात तसे बाबा उभे. त्यानं एक बोट वर करून खूण केली होती, एक मिनिट. बाबांनी लगेच मान डोलावली होती, सावकाश होऊ दे अशी. कोण बोलत होतं त्या मीटिंगमध्ये, काय बोलत होतं? ते एक मिनिट त्यानं पुन्हा कधी उचललंच नाही. आणि त्याच्या जागी मनानं एक हसरा फोटो तयार करून ठेवला, सगळ्या प्रतींसकट.

त्यानं मान वळवून भिंतीकडे पाहिलं. कोटातले बाबा होते तिथेच होते. भांग पाडलेला, कवळी घातलेली, ओठ मिटलेले, डोळे समोर लावलेले. वर्षभर ज्याला तो तोतया म्हणत आला होता तो माणूस आज त्याला पहिल्यांदा ओळखीचा वाटला. तो फोटोसाठी उभा होता. टायची गाठ डावीकडे सरकली होती आणि ती सरळ करायला जवळ कुणी गेलं नव्हतं.

"बदलूक नको ना मगे?" आईनं विचारलं.

"नको," तो म्हणाला.

मानसी उठली, दिवेलागणीची वेळ झाली म्हणून तिनं आतला दिवा लावला. जानकीबाई मात्र उठल्या नाहीत. त्यांनी टिकलीवर अंगठा ठेवून टीव्ही बंद करून पाहिला, पुन्हा दाबून चालू केला, आणि बाण दाबत दाबत, कुणाची मदत न घेता, त्या गॅलरीपाशी येऊन थांबल्या. "येता माका," त्या म्हणाल्या. शोकेसच्या माथ्यावर, क्रोशाच्या रुमालाखाली, डब्याचा निळा दिवा लुकलुकत होता. रिकामं स्टूल आणि ती टाच घरात होती, बोरिवलीला पितळेच्या कासवाखाली होती, आणि तिसऱ्या ठिकाणीही सुखरूप होती.